ओटीला न चालणारे हात

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नवीन पनवेलला एका तीन मजली इमारतीत राहत होतो. बायकोला तिसरा महिना होता आणि गर्भ पडला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "बहुतेक वेळा गर्भच नीट तयार झालेला नसतो. तुम्ही केलेल्या कशाने हे झालेलं नाही. पुष्कळ जणींचं होतं, बोलत नाहीत इतकंच."

शेजारणींचं एवढ्यावर भागलं नाही. एकीने पपई काढली, दुसरीने ग्रहण, तिसरीने माझी स्कूटर आणि आपटा गावाकडचा खड्ड्यांचा रस्ता. एका घटनेला तीन कारणं, प्रत्येक पुरेसं! त्या महिन्यांत आपल्याकडे ग्रहण नव्हतंच, हे मी पंचांगात दाखवलं. "दिसलं नसेल," ग्रहणवाली म्हणाली आणि चहा आणखी मागितला.

त्या गेल्या की बायको विचारायची, "स्कूटरवर बसले नसते तर?" मी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पुन्हा सांगायचो. पटायचं नाही. सांगणारी डॉक्टर एक, शेजारणी तीन.

मग तळमजल्यावरच्या काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण आलं. फुलांचे दागिने माझ्या बायकोइतके सुबक कुणाला जमत नसत. काकू वर आल्या.

"बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं तूच कर हं. मी येऊन घेऊन जाईन."

"मीच आणते की काकू. घालूनही देते."

"नको गं. ओटी भरायची असते. नुकतंच झालंय ना तुझं."

"म्हणजे माझे दागिने चालतात, मी नाही?"

"रीत असते बाई. माझीही पोटातली गेली होती दोन. मी कुठे बोभाटा केला?"

इमारतीत कुणाचीही ओटी असो, पहिला मान काकूंचा.

"मग तुम्ही ओट्या कशा भरता?"

"माझं कुणाला ठाऊक होतं?" काकू सहज म्हणाल्या. कळलं तर अशुभ, नाही कळलं तर सवाष्णीचा मान. असलं यांचं शास्त्र!

"दागिने बाजारातून आणा, काकू," बायको म्हणाली. "आणि माझ्यामुळे काही झालेलं नाही."

हे शेवटचं ती पहिल्यांदाच बोलली.

काकूंनी जिन्यात उभं राहून तिचा उद्धटपणा सर्वांना ऐकवला. त्यातलं 'माझ्यामुळे काही झालेलं नाही' हे वाक्य एकीने तेवढं मनात ठेवलं. दोन दिवसांनी ग्रहणवाली एकटीच आली, दार लोटून घेतलं आणि बायकोला म्हणाली, "माझं लग्नानंतर लगेच गेलं होतं. घरात अजून कुणाला माहीत नाही."

बायकोने तिला बसायला सांगितलं. मी बाहेर गेलो.