खुर्चीचे चार बोल्ट

आमच्या घरात पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं. वडील हदगावला शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत. शिष्यवृत्ती अडली की पत्रक, रस्ता उखडला की पत्रक, विहारात कार्यक्रम असला की पत्रक. मला अक्षरं यायच्या आधी घडी घालता येत होती. तीन घड्या, मधली नखाने दाबलेली.

वडिलांचा एकच नियम होता. पत्रकाच्या तळाशी साक्षीदाराचं नाव हवं. "जे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही ते छापायचं नाही," ते म्हणायचे. "राग कुणालाही येतो. साक्षीदार आणायला पायपीट करावी लागते."

हा नियम मी मोडला, तोही एका अंतराळयानाच्या मालिकेसाठी.

मी दहा वर्षांची होते तेव्हा ती मालिका दर रविवारी सकाळी दहाला लागायची. परदेशी होती, हिंदीत बोलायची. वर्षानुवर्षं चालू असलेली. एक जहाज पृथ्वी सोडून निघालंय, पोचायला कित्येक पिढ्या लागणार आहेत, वरच्या मजल्यावर कप्तान त्याच्या उंच खुर्चीत बसतो आणि तळमजल्यावर माणसं इंजिन, हवा, पाणी सांभाळतात. जहाज पुठ्ठ्याचं होतं हे मलाही कळायचं. तरी त्याच्या खिडकीबाहेरचा काळोख दिसला की माझ्या हातातला घास हातातच राहायचा. एवढी मोठी जागा असू शकते, आणि तिच्यात तालुका नाही, जिल्हा नाही, वस्ती नाही!

साडेदहाला लाईट जायची. ते लोडशेडिंगचे दिवस. आमच्या फिडरची वेळ ठरलेली, त्यामुळे मला प्रत्येक गोष्ट अर्धीच मिळायची. माझी आत्या शिरूर अनंतपाळपासून आत एका खेड्यात राहायची. तिच्याकडे नेमकी साडेदहाला लाईट यायची, म्हणजे तिला शेवटचा अर्धा भाग मिळायचा. मग आम्ही व्यवहार ठरवला. मी पहिला अर्धा लिहून पाठवायचा, तिने दुसरा. वडील तिला उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पाठवत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर आत्या निळ्या शाईत लिहायची. समोर "पाणीपुरवठा सुरळीत करा", मागे कप्तान आणि धूमकेतू. तिचं पत्र गुरुवारी यायचं. रविवार ते गुरुवार ते जहाज माझ्या डोक्यात लोंबकळत असायचं.

शेवटच्या भागाचं पत्र मला आजही पाठ आहे. आधीच्या रविवारी तळमजल्याचा पाण्याचा पंप बंद पडला होता. आत्याने लिहिलं होतं: "पंपाचं डोकं हलत होतं, कारण बोल्ट झडले होते. साऱ्या जहाजात त्या मापाचे बोल्ट सापडेनात. मग कप्तान उठला. म्हणाला, माझ्या खुर्चीला चार आहेत, काढा. खुर्ची आडवी केली, बोल्ट पंपाला लावले, चामड्याचं नवं वायसर घातलं आणि दांडा हापसल्यावर चौदाव्या खेपेला पाणी आलं. कप्तान उभ्यानेच जहाज चालवू लागला. समाप्त."

त्या गुरुवारी मी पत्र घेऊन अंगणात गेले आणि भर दुपारी आभाळाकडे बघत राहिले. तिथे कुठेतरी एक माणूस उभ्याने जहाज चालवत होता. पुढे मी जे लिहिलं, ज्या मोर्चात गेले, ज्या साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून भांडले, त्या सगळ्याच्या मुळाशी ती आडवी केलेली खुर्ची होती.

यंदा ती मालिका नव्याने सुरू झाली.

नांदेड-लातूरच्या जुन्या प्रेक्षकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे वणवाच पेटला. बिलोलीच्या एका किराणा दुकानदाराने लिहिलं, "जहाज हाय का मॉल? एवढा उजेड! आमचं जहाज कसं, अर्धं अंधारात." उदगीरच्या एका नर्सबाईंना नवी कप्तान आवडली होती. "ती चुकते आणि कबूल करते. जुन्याने वीस वर्षांत एकदा तरी सॉरी म्हटलं का?" त्यावर दुकानदार, "कप्तान हाय ताई, नवरा न्हाई." त्यावर नर्सबाई, "तोच तर प्रॉब्लेम हाय. दोघंबी सॉरी म्हणत नाहीत."

मी नवी मालिका पाहिली नव्हती. ती पैसे भरून बघायच्या अ‍ॅपवर होती. जी गोष्ट आमच्या पत्र्यावरच्या अँटेनात फुकट उतरली, तिला आता तिकीट लावलं म्हणून माझा बहिष्कार होता. पण कुणीतरी फोटो टाकला. नवं जहाज, नवी कप्तान, आणि मधोमध तीच उंच खुर्ची.

माझं डोकं फिरलं. एका बैठकीत मी पत्रक लिहिलं. मथळा: "खुर्ची परत कुठून आली?" जुन्या कप्तानाने जी खुर्ची तळमजल्याच्या पाण्यासाठी मोडली ती कंपनीने गुपचूप परत आणली, हा प्रेक्षकांच्या स्मरणशक्तीचा अपमान आहे, वगैरे. दोनशे प्रती, गुलाबी कागद. तळाशी साक्षीदार म्हणून आत्याचं नाव. तिला विचारलं नव्हतं. विचारायचं काय, पत्र होतंच की!

ग्रुपवर पत्रकाचा फोटो टाकला आणि पाच मिनिटांत लातूरच्या एका सरांचं उत्तर आलं. ते क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. ग्रुपमधला सगळ्यात शांत माणूस. "ताई, खुर्ची परत आली नाही. ती कधी गेलीच नव्हती. जुने भागही अ‍ॅपवर आहेत. शेवटचा मी काल पुन्हा पाहिला. जहाज एका ग्रहावर उतरतं, कप्तान खुर्चीत बसलेला असतो, सगळे सलाम करतात. बोल्टबिल्ट काही नाही."

"म्हणजे कंपनीने जुना शेवटही बदलला," मी लिहिलं. "सरांनी कंपनीचा चष्मा लावलाय, त्यांना दिसायचं नाही."

सरांनी हसरा चेहरासुद्धा टाकला नाही. लिहिलं, "चष्मा माझाच आहे, नंबर वाढलाय. रविवारी नांदेडला आपण भेटतोय. पुरावा आणा. मी सगळ्यांसमोर माफी मागेन. नाही मिळाला तर तुम्ही मागा."

"मागेन," मी लिहिलं. "आणि वर्षभर पत्रक लिहिणार नाही."

पत्रकाशिवाय मी कोण, हे मला माहीत नव्हतं. वडिलांनी गुलाबी कागद वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाले, "साक्षीदाराला विचारलंस का?"

शुक्रवारी मी एसटीने निघाले. पिशवीत गुलाबी पत्रकांचा गठ्ठा, आत्याचं पत्र आणि तिच्या सहीसाठी तयार केलेला जबाब: 'मी हा भाग स्वतः पाहिला आहे.'

आत्या अंगणात तुरी निवडत होती. मी पत्रक वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं. मग सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

"अगं बाई. तू हे छापलंस व्हय?"

"दोनशे प्रती. आत्या, सही कर."

"कशी करू? त्या रविवारी लाईटच आली न्हाई. विजेची डीपी जळालती. आठ दिवस गावात अंधार."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "मग तू शेवट कुठं पाहिलास?"

"पाहिलाच न्हाई. तू गुरुवारची वाट बघत बसणार. पोष्टमन येऊन रिकाम्या हातानं गेला असता तर तू जेवली नसतीस. मग लिहिलं मनानं."

मी उंबऱ्यावर बसले. अठरा वर्षं ज्या खुर्चीवर मी उभी होते ती कुणीतरी खालून काढून घेतली होती. सर बरोबर होते. मी एका भल्या माणसाला सगळ्यांसमोर कंपनीचा माणूस म्हटलं होतं. "म्हणजे सगळं खोटं," मी म्हणाले.

"खोटं कशाला असंल? ऊठ. चल माझ्यासंगं."

तिने मला वस्तीतल्या हापशापाशी नेलं. हापसा जुना, दांडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. त्याचं लोखंडी डोकं खालच्या बैठकीला चार बोल्टांनी कसलेलं होतं. आत्याने एकेकाला बोट लावून दाखवलं. ते जरा लांब होते, नटाच्या खाली बोटभर उरलेले. हापशाचे नव्हतेच ते.

"त्या टायमाला ह्येचे बोल्ट झडून गेलते. डोकं लई हलायचं, पाणी यायचं न्हाई. गावातला हापसा दुरुस्त झालता, आमचा राहिलता. मिस्त्री उद्या येतो म्हणायचा. त्येचा उद्या काही यायचा न्हाई. आन पंचायतीत सरपंचाची लोखंडी खुर्ची. आधीची कुणीतरी लग्नात नेली ती परत आलीच न्हाई, म्हणून ही खाली पट्टीला बोल्ट मारून जखडलेली. रविवारी लाईट न्हाई, मालिका न्हाई. आम्ही पाचजणी पाना घेऊन गेलो."

"आणि सरपंचाने दिली?"

"तो कशाला देतोय? तो गावालाच गेलता. आम्ही काढली."

"मग पत्रात कप्तान स्वतः उठला असं का लिहिलंस?"

आत्याने बोल्टावरचा हात काढला. "तू ल्हान होतीस. म्हटलं, एखादा तरी खुर्चीवरचा स्वतःहून उठला असं पोरीला वाटू दे."

मी पिशवीत हात घातला. पत्र बाहेर काढलं. चामड्याचं वायसर. दांडा. चौदावी खेप. अठरा वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नव्हता की ताऱ्यांमधून जाणाऱ्या जहाजात हापसा कसा? माझ्या हिशोबाने जिथे माणूस आणि पाणी तिथे हापसा असणारच. मी दांडा धरला आणि हापसू लागले. तीनच खेपांत पाणी आलं. लहानपणी त्या खिडकीबाहेरचा काळोख बघून जसं व्हायचं तसंच झालं, दांडा हातातच राहिला. ज्या गोष्टीसाठी मी आभाळात बघत राहिले होते ती इथे घडली होती, दुपारच्या उन्हात, पाच बायांच्या हातून. आणि त्यातली एक घरी येऊन, हात धुऊन, मला पत्र लिहायला बसली होती.

परतताना आत्याने विचारलं, "मग खरं काय झालं त्या जहाजाचं?"

मी सरांनी सांगितलेला शेवट सांगितला. ग्रह, खुर्ची, सलाम.

"आन पाणी? पंप बंद होता की."

"त्याचं काही दाखवलं नाही."

"अर्धंच राहिलं म्हण की," आत्या म्हणाली.

घरी आल्यावर तिने माझ्या पिशवीतला गुलाबी गठ्ठा ओढला, एक पत्रक उलटं केलं. "पाठ कोरी हाय की." निळं पेन शोधून तिने लिहिलं: "मी मालिकेचा शेवट पाहिला नाही. त्या दिवशी लाईट नव्हती. कप्तानाने खुर्ची दिली नाही. आम्ही बायांनी सरपंचाच्या खुर्चीचे चार बोल्ट काढून हापशाला लावले. ते अजून आहेत. ज्याला बघायचं त्याने यावं, पाणी पिऊन जावं." खाली स्वतःचं नाव. मी शनिवारी नांदेडला उतरून उरलेल्या प्रतींच्या पाठीवर त्याची झेरॉक्स मारून घेतली. माझा एक शब्द त्यात नव्हता. मी फक्त घड्या घातल्या.

रविवारी दुपारी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. सर पहिल्या रांगेत होते. चष्मा खरंच जाड होता. मी उभी राहिले. "सर बरोबर होते. जुन्या शेवटात खुर्ची जागेवरच आहे. मी न पाहता छापलं आणि सरांवर आरोप केला. माफी मागते. वर्षभर पत्रक लिहिणार नाही. आज वाटलेल्या पत्रकाची मागची बाजू वाचा, ती माझी नाही."

कागद उलटल्याचा आवाज हॉलभर झाला. बिलोलीचे दुकानदार ओठ हलवत वाचत होते. नर्सबाईंनी दोनदा वाचलं आणि कागद पर्समध्ये ठेवला. सरांचं वाचून सगळ्यात शेवटी झालं.

"अंतराळात हापसा चालणार नाही," ते म्हणाले. "गुरुत्वाकर्षण लागतं." मग चष्मा काढून पुसत राहिले. "पण चौदा खेपा बरोबर आहेत. वायसर नवं असलं की तेवढ्या लागतात. आमच्या गल्लीत मीच हापसायचो."

त्यांनी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. नव्या मालिकेचा पहिला भाग. बहिष्कार होता माझा, पण उठून जायला पाय तयार होईनात. भिंतीवर काळोख उघडला, आणि तो जुन्यापेक्षा खोल होता. नवं जहाज त्यातून असं हळू आलं की दुकानदारसुद्धा मॉल म्हणायचे विसरले. मग वरचा मजला, नवी कप्तान, आणि मधोमध ती खुर्ची.

कप्तानबाईच्या चेहऱ्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळा हॉल मान तिरकी करून खुर्चीच्या पायांकडे बघत होता. दुकानदार तर उठून भिंतीपाशी गेले, बोट लावून मोजलं.

"चारही हायत," ते म्हणाले.

"सध्या," सर म्हणाले.