कापसाच्या खोलीतला ठेका

अल्लीपूरच्या बसथांब्यासमोर अंकुशचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तिथे येतात. काळी पडलेली तार उतरवली जाते, नवी गुंडाळली जाते आणि मोटर पुन्हा शेतात जाते. दुकानातल्या मागच्या फळीवर एक ॲम्प्लिफायर आहे, तोही अंकुशनेच बांधलेला. त्याचं खोकं जुन्या कूलरच्या पत्र्याचं आहे आणि त्यावरचा कूलरचा हिरवा रंग अजून गेलेला नाही.

अंकुश, त्याचा शाळेपासूनचा मित्र रजत आणि रजतची धाकटी बहीण अपेक्षा अशा तिघांचा बँड होता. नाव पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडं उरतात, ती पऱ्हाटी. "सगळं वेचून नेलं तरी उभी राह्यते," एवढंच कारण रजतने दिलं होतं. अंकुश गिटार वाजवायचा, अपेक्षा गायची. रजतचा ड्रम म्हणजे लग्नाच्या एका बँडने मोडीत काढलेला मोठा ढोल, एक ताशा आणि तडा गेलेली झांज. ढोल पायाने वाजवता यावा म्हणून अंकुशने शिलाई मशीनच्या पायट्याची दांडी करून दिली होती. ती करकरायची. त्यांच्या पहिल्या दोन गाण्यांत ती करकर ऐकू येते.

गाणी ते अंकुशच्या घरीच रेकॉर्ड करत. त्याचे वडील महादेवराव वेचलेला कापूस रस्त्याकडच्या खोलीत भरतात. भाव पाहून विकेपर्यंत तो तिथेच राहतो. एका हिवाळ्यात अंकुश या खोलीत विळा शोधायला गेला, तिथूनच त्याने आईला हाक मारली आणि स्वतःचाच आवाज त्याला तोंडाजवळ संपल्यासारखा वाटला. तिन्ही भिंतींना आढ्यापर्यंत टेकलेला कापूस आवाज पिऊन टाकत होता. त्याने टाळी वाजवली. टाळी नुसतीच वाजली, घुमली नाही. दुसऱ्या दिवशी तो रजतला घेऊन आला.

महादेवरावांनी एक अट घातली. कापसाच्या खोलीत करंट जाणार नाही.

"वर्षाचं पीक हाय थे. तुमच्या टिंगटिंगीपायी फुकून देता का?"

म्हणून कॉम्प्युटर आणि बाकीची यंत्रं ओसरीवर राहिली. खिडकीतून फक्त माइकची आणि हेडफोनची वायर आत गेली. समोरच पिठाची गिरणी होती, तिचा आवाज कापसालाही अडत नसे. त्यामुळे लाईन गेली की हे तिघे कामाला लागत. गिरणी बंद पडे आणि कॉम्प्युटर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाले. सारं गाव लाईन यायची वाट पाहत असताना या एका ओसरीवर ती जायची वाट पाहिली जाई.

कॉम्प्युटर जुना होता, जागा कमी. चुकलेलं वाजवणं अंकुश तिथल्या तिथे पुसून टाकायचा. रजत कधी म्हणे, "ठेव न बे, आयकू कधी." अंकुशचं उत्तर ठरलेलं, "जळाली तार ठेवून काय करू?"

'पांदण' हे त्यांचं सहावं गाणं. शेताकडे जाणाऱ्या चिखलाच्या वाटेचं. तीन कडवी. फेब्रुवारीतल्या एका दुपारी रजत ठेका वाजवायला कापसात बसला. त्याचं काही मनासारखं होईना. अंकुश पुसत राहिला. शेवटी दोन कडवी चांगली गेली. तिसऱ्यात शिरला आणि त्याला खोकला आला. कापसाचे तंतू नाकातोंडात जातातच. तो खोकला, हसला आणि म्हणाला, "थांब बे अंक्या, घशात कापूस गेला. उद्या घेऊ."

अंकुश तेही पुसणार होता. तेवढ्यात लाईन आली, गिरणी सुरू झाली आणि मंदाबाईंनी, त्याच्या आईने, चहाला हाक मारली. ते पुसायचं राहून गेलं.

रजत भाड्याची पिकअप चालवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो संत्र्यांसाठी कारंजा घाडगेला गेला. हायवेवर मागून ट्रकने धडक दिली. दुपारी फोन आला.

तेरवी झाल्यावर अंकुशने कॉम्प्युटर उघडला. 'पांदण'चं रजतने वाजवलेलं तेवढं एकच उरलं होतं, खोकल्याचं. बाकी सगळं त्याने स्वतःच्या हाताने पुसलेलं होतं.

मार्चमध्ये कापूस विकला गेला. मंदाबाईंना हायसं वाटलं, कारण ऊन वाढलं की घरातल्या कापसाने सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते. अंकुश रिकाम्या खोलीत गिटार घेऊन बसला. सूर भिंतीवर आपटून परत येत होते. त्याने गाद्या उभ्या केल्या, दारावर गोधड्या टांगल्या. तरी रजतचा ठेका एका घरात आणि गिटार दुसऱ्या घरात वाजल्यासारखी वाटे. ज्या खोलीत ठेका झाला, तिथेच बाकीचं व्हायला हवं होतं. ती खोली आता नव्हती. पुढच्या कापसाची वाट पाहण्याला इलाज नव्हता.

दुसरी अडचण अपेक्षाची होती.

"मी नाई गाणार, अंकुशदादा," तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. "कानात त्याचा ठेका आन समोर थो नाई. मले नाई जमत."

ती हिंगणघाटला औषधाच्या दुकानात काम करते. संध्याकाळच्या बसने उतरते ती अंकुशच्या दुकानासमोरच. कधी पाणी प्यायला थांबे, कोणाची मोटर जळाली ते विचारी. गाण्याचा विषय तोही काढत नसे. त्या गाण्याशिवाय रजतचं दुसरं काही पुरं करण्यासारखं उरलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या पावसाळ्यात अंकुशने एक काम केलं. पहिल्या कडव्यातला ठेका उचलून तिसऱ्या कडव्यात बसवला. खोकला काढला, बोलणं काढलं. जोड कुठे दिसत नव्हता. वाइंडिंगमध्ये जोड कच्चा राहिला तर मोटर परत येते, त्यामुळे अशा कामाला त्याचा हात बसलेला आहे. गाणं आता शेवटपर्यंत जात होतं. त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मंदाबाईंनी शेतात सीतादही केलं. पहिल्या वेचणीआधी दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो. अंकुश त्या दिवशी दुकान बंद ठेवून शेतात गेला. महादेवराव म्हणाले, "आज कसा उगवला शेतात?" त्याने कापूस वेचायला कमरेला ओटी बांधली. जानेवारी संपता संपता खोली आढ्यापर्यंत भरली. त्याने आपली गिटार तिथे वाजवून घेतली. या वेळी ती रजतच्या शेजारी बसली. आता फक्त आवाज राहिला होता.

आणि ऊन तापू लागल्यावर महादेवरावांनी एक दिवस जेवताना सांगितलं, "इतवारी गाडी येऊन राह्यली. भाव बरा हाय."

अंकुशने ताटातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मंदाबाईच बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. अपेक्षा उतरली तशी त्यांनी तिच्या हातातली पिशवी धरली.

"पोरी, इतवारी खोली खाली होते."

"काकू, मले माहीत हाय तुम्ही काऊन आल्या थे."

"मंग बरं झालं. मले गाण्याफाण्यातलं समजत नाई. रात्रभर अंग खाजवून राह्यलो आमी सारे, तरी यंदा म्या कापूस काढा म्हनलं नाई. तुह्यासाठीच ठेवला व बाई. नाई गायचं त नको गाऊ. एकडाव आयकून जाजो."

शनिवारी दुपारी ती आली. महादेवराव ओसरीवर सुपारी कातरत होते.

"काकाजी, करंट नाई जात न आत?" तिने विचारलं.

"जाऊ देईन का?"

ती आत बसली, हेडफोन लावला. लाईन गेलेलीच होती. अंकुशने ओसरीवरून गाणं सुरू केलं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसरं अर्धं झालं आणि ती दार उघडून बाहेर आली.

"हे दादानं नाई वाजवलं."

"त्याचंच हाय."

"तिसऱ्या कडव्याले थो पयतच जाये. किती भांडलो आमी त्याच्यावरून! मी म्हनो, अबे हळू, माही दमछाक होते. इथं त शहाण्यासारखा चालून राह्यला. थो असा कधी चालला?"

अंकुशने खोकल्याची गोष्ट सांगितली. कसा काढला, काय जोडलं, सगळं सांगितलं. अपेक्षा उभ्यानेच ऐकत होती.

"पहिलं कुठं हाय मंग? पुसलं?"

महादेवरावांचा अडकित्ता थांबला. अंकुश कॉम्प्युटरकडे वळला. पुसायला त्याचा हात कितीदा गेला होता, ते त्यालाच माहीत.

"नाई पुसलं."

"थेच लाव. बिनचूक दादा मले वळखू येत नाई."

ती पुन्हा आत गेली. अंकुशने जोडलेलं सगळं काढून टाकलं आणि जुनं लावलं. तिने एकदा नुसतंच ऐकलं. अंकुश उठणार, तेवढ्यात ती आतून म्हणाली, "घे."

दोन कडवी ती ठेक्यावर गायली. तिसऱ्यात रजतने घाई केली, तशी तिनेही केली. मग खोकला आला, हसणं आलं, "थांब बे अंक्या, घशात कापूस गेला. उद्या घेऊ." ठेका संपला. जुनं लावताना अंकुशने आपलीही गिटार तिथेच तोडली होती. तिथून पुढे खोलीत कापूस होता आणि ती होती. ती थांबली नाही. तिसरं कडवं तिने एकटीने, आपल्या चालीने, शेवटपर्यंत म्हटलं. एका ठिकाणी आवाज फाटला. बाहेर आल्यावर अंकुशने विचारलं, "फाटलं थे पुन्हा घ्यायचं?"

"तू पुसणारा, मी कायले सांगू?"

त्याने पुसलं नाही. इतवारी गाडी आली, कापूस गेला, मंदाबाईंनी खोली झाडून घेतली.

'पांदण' तसंच बाहेर पडलं. पऱ्हाटीत आता गावातला रोशन ड्रम वाजवतो. पहिल्या तालमीत त्याने विचारलं होतं, "तिथं म्या खोकायचं का?" अपेक्षा म्हणाली, "तू हात थांबव फक्त." तो तिसऱ्या कडव्यात हात थांबवतो आणि ती पुढचं एकटी म्हणते. अल्लीपूरची पोट्टी शाळेतून येताना हे गाणं म्हणतात. तिसऱ्या कडव्यात शिरली की सगळी मिळून खोकतात आणि मग पुढचं म्हणतात. पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा अंकुश दुकानातून उठून रस्त्यावर आला होता. मग परत आत गेला.

आता तो उठत नाही. हातातली तार गुंडाळत राहतो आणि खोकला येईपर्यंत ऐकतो.