पुन्हा विचारणाऱ्या सुलोचनाताई

सुलोचनाताई तायडे यांना मी प्रथम पाहिले ते मेहकरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि मी नोकरीत अगदी नवखी होते. खिडकीतल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. ताई कानाला हेडफोन लावून, डोळे अर्धे मिटून दूरच्या गावांचे आवाज ऐकत होत्या. त्या स्वप्नातच आहेत, असे मला वाटले.

काम शिकवताना त्या म्हणाल्या, "मागणाऱ्याले देणारा दिसत नाही, अन् देणाऱ्याले मागणारा. म्हणून काय पाहिजे, ते आपण नीट विचारून घ्यावं लागते."

एका दुपारी डोणगावहून फोन आला. लाइनवरच्या खरखरीत मला 'सदतीस' ऐकू आले आणि मी तार जोडली. तो नंबर कापडाच्या दुकानाचा होता, दुपारचे बंद. घंटा वाजतच राहिली. "उत्तर येत नाही," असे सांगून मी तार काढणार, तोच शेजारी बसलेल्या ताईंनी माझा हात धरला. त्या स्वतः बोलू लागल्या.

"भाऊ, कोण पाहिजे तुम्हाले?"

"डॉक्टरसाहेब पाहिजेत हो! माही सून अडली हाये सकाळपासून!"

"नंबर पुन्हा सांगा."

"सत्तावीस!"

ताईंनी आकडा त्यांना परत म्हणून दाखवला, मगच तार जोडली. दवाखान्यातून जीप निघाली. संध्याकाळी त्याच गृहस्थांचा फोन आला, "बाई, पोरगी झाली. दोघीही बऱ्या हायेत." मी तारा जोडायच्या बोर्डासमोरच रडू लागले. "चुकते माणूस, पोरी," ताई म्हणाल्या. "परत म्हणून दाखवलं, की चूक तिथंच सापडते." माझी ही चूक त्यांनी वरिष्ठांना कधीच सांगितली नाही.

पुढे मी संगणक शिकवू लागले. माहिती मागणारा संगणक क्लायंट, ती पुरवणारा सर्व्हर. एका सर्व्हरकडे अनेक जण एकाच वेळी मागतात, आणि ज्याचे उत्तर त्यालाच पोचावे लागते. पोच आली नाही, तर पुन्हा मागायचे. मुलांना हे अवघड वाटले, की मी डोणगावची हकिकत सांगते.

एकदा ताईंनाच वर्गात नेले. सारे पाहून त्या हसल्या, "हे तं आमचंच काम करून राह्यले!" मग एका मुलीला त्यांनी हळूच विचारले, "अन् मागणारा घाबरलेला हाये, हे याले कळते का वं?"

त्या मुलीने तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, दुपारची झोप गोड लागो आणि शंभरीपर्यंत आम्हाला त्यांच्याशी पोटभर बोलायला मिळो.