साडेपाच तास मागे

आजही घरचा कॉम्प्युटर सुरू केला की माझी नजर आधी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे जाते, आणि ती घटना आठवते. तिच्यात ना खून होता, ना चोरी. ठाण्याच्या नोंदीत ती शेवटपर्यंत 'मिसिंग' म्हणूनच राहिली. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता मी घरच्या हिशेबात रमलो आहे. मोठमोठे गुन्हे धूसर होत चालले, ही मात्र पहाटेच्या स्वप्नासारखी पुन्हा पुन्हा येते. चकाकणारी वाळू, आणि पांढऱ्या पडद्यावर एक निळी रेघ.

गोदावरीकाठचे गाव, पुणतांब्यापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही. लग्नसराईचे दिवस होते. सकाळी ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे नदीत जाळे टाकणारा एक माणूस होता.

"साहेब, घाटावर गुरुजींच्या चपला हायेत. गुरुजी न्हाईत."

"पोहायला उतरले असतील."

"लई येळ झाला की. पान्यात मानूस एवढा येळ ऱ्हातो व्हय?"

गुरुजी म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक. रोज उजाडताना घाटाच्या पायरीवर चपला काढायच्या, वाळूतून अनवाणी फेरी मारायची आणि परत येऊन चपला घालायच्या, हा त्यांचा नेम. त्या दिवशी चपला तशाच राहिल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा सगळे गाव काठावर होते. पट्टीचे पोहणारे डोहात बुड्या मारत होते. उन्हाच्या झळांत पलीकडचा काठ जमिनीपासून सुटून तरंगत असल्यासारखा दिसत होता. गुरुजींची पत्नी त्या चपला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. हवालदार चपला ताब्यात घ्यायला पुढे झाला. मी त्याला हातानेच थांबवले.

मुलगा आईच्या मागे उभा होता. वय तिशीचे, लग्नांचे व्हिडिओ काढायचा धंदा. नदीवरच्या अशा प्रसंगांत मी एक गोष्ट पाहत आलो होतो. घरची माणसे पाण्यावरून नजर हटवत नाहीत. हा मुलगा पाण्याकडे एकदाही बघत नव्हता. तो आपल्या पायांकडे बघत होता. दुपार उलटली, डोहात काही सापडले नाही, तेव्हा मी त्याला घेऊन घरी गेलो.

पुढच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. गुरुजींचा मोबाईल फळीवर होता. दोन पंच बोलावून पंचनामा सुरू केला आणि मुलाला कॉम्प्युटर चालू करायला लावला. माझी एक सवय होती. कुठलेही यंत्र पाहिले की पंचनाम्यात दोन वेळा लिहायच्या, एक माझ्या मनगटावरची आणि एक त्या यंत्राची. हवालदार मागून म्हणायचा, "साहेबांना पंख्याचा बी टाइम लागतो." माझ्या घड्याळात चार चाळीस झाले होते. कॉम्प्युटर अकरा दहा दाखवत होता. लिहिले आणि पुढे गेलो.

शेवटची फाईल उघडली. चित्र होते. एक वळणावळणाची निळी रेघ आणि एका वळणावर लाल ठिपका. बाकी सगळा पडदा पांढरा. फाईल त्याच दिवशी सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी ठेवलेली.

"नदीच काढली की हो," एक पंच हळूच म्हणाला.

मुलाने भिंतीला हात टेकला. "सहाला हे काढलं. आन् मग गेले."

सगळे जुळत होते. चित्र, मग घाट, मग पाणी. बाहेर लग्नाचा बँड वाजत होता, तो दुसऱ्याच कुठल्या तरी गावातून यावा तसा.

सही करण्याआधी मी पंचनामा नेहमीप्रमाणे पुन्हा वाचला. चार चाळीस. अकरा दहा. वजाबाकी केली, बरोबर साडेपाच तास. कॉम्प्युटरचा आतला सेल संपला की घड्याळ भलतेच वर्ष दाखवते. बिघडलेले घड्याळ इतके नेमके चुकत नाही.

"हे घड्याळ असे का?" मी मुलाला विचारले.

"पडतं कधीकधी मागं."

"कधीकधी, आणि नेमके साडेपाच तास?"

मी हवालदाराला आणि पंचांना ओट्यावर पाठवले, मुलाला पाणी दिले आणि थांबलो. आवाज चढवला असता तर तो तसाच मिटून गेला असता.

"दोन सिस्टिम असल्या की तसं हुतं, साहेब," तो शेवटी म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितले. कॉम्प्युटर एकच, पण त्यात दोन यंत्रणा. सुरू केला की तो आधी विचारतो, कुणाकडे जायचे? विंडोजकडे गेले की मुलाचा धंदा, लिनक्सकडे गेले की गुरुजींची दुनिया. आतले घड्याळ दोघांत एकच. मुलाची यंत्रणा त्याला आपली वेळ मानते, वडिलांची ग्रीनिचची. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणून गुरुजी उठले आणि मुलगा बसला की घड्याळ मागे पडलेले दिसे. इंटरनेट जोडले की कधीतरी सरळ होई. पण इंटरनेट मुलाच्या मोबाईलवरून चाले आणि मोबाईल दिवसभर त्याच्या खिशात होता.

"मग आत्ता सुरू केला तेव्हा त्याने काहीच विचारले नाही. दुसरी कुठे आहे?"

तो खाली बसला. "पुसली. काल संध्याकाळी. डिस्क भरली हुती, तीन लग्नांचं शूटिंग अडकलं हुतं. मला वाटलं, टाइमपास करत्यात."

"काय होते त्यात?"

"नकाशा. गावाचा."

गुरुजी कित्येक वर्षे तो नकाशा करत होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून त्यांनी नदीचे जुने पात्र, बुजलेल्या विहिरी, पडलेली झाडे एकेक करून जागेवर बसवली होती.

"तुम्ही सांगितल्यावर काय म्हणाले?"

"'बरं' म्हनले. जेवले बी."

ही गोष्ट त्याने दिवसभर आईपासून लपवली, माझ्यापासून लपवली. तिच्या मागोमाग घड्याळाची गोष्टही झाकली गेली. यंत्रणा पुसली, पण तिची वेळ त्या डब्यात चालूच राहिली होती.

"रडू नका, हिशेब करा," मी म्हणालो. "सहा दोनमध्ये साडेपाच तास मिळवा."

"अकरा बत्तीस." त्याने मान वर केली. "पन अकराला तर आमी समदे घाटावर..."

"तेच."

दारात हालचाल झाली. त्याची आई केव्हा येऊन उभी राहिली होती, कळले नव्हते. ती मागच्या खोलीत गेली. तिथूनच आवाज आला, "ह्यांचे क्यानव्हासचे बूट न्हाईत. पिशवी बी न्हाई." मग ती बाहेर आली आणि सकाळपासून जवळ धरलेल्या चपला तिने उंबऱ्याशी जोडीने ठेवल्या.

त्या घरात त्या दिवशी दोन सकाळी झाल्या होत्या. एकीत गुरुजी नदीत गेले होते. दुसरीत ते रिकाम्या घरात बसून नदी काढत होते.

लाल ठिपक्याचे वळण मुलाने ओळखले. "वरच्या अंगाला हाय. नकाशा तिथूनच सुरू केल्ता त्यांनी."

ऊन कलले होते तेव्हा जीप वळणाशी पोहोचली. पात्रात कॅनव्हासचे बूट घातलेला एक माणूस काठीने वाळूत रेघ ओढत होता. त्याची लांब सावली त्याच्या पुढेपुढे चालली होती.

"गुरुजी, गाव तुम्हाला पाण्यात शोधते आहे."

"पाण्यात? मला चांगलं पोहता येतं." ते खरोखर चकित झाले. सकाळी अनवाणीच ते इथवर आले होते, शेतातल्या वाटेने मागच्या दाराने घरी गेले होते आणि बूट घालून, पिशवी घेऊन पुन्हा इथे आले होते.

"घरी आलात ते कुणाला सांगायचे तरी."

"कुणाला? घरात कुणी नव्हतं. म्हटलं, गेले असतील लग्नाला. आपल्यावाचून काय अडतंय."

मुलगा जीपपाशीच उभा होता. पुढे येईना. गुरुजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"आलाच आहेस तर ही काठी धर. चिंच इथं होती की वर, ते उजेड आहे तोवर ठरवू."

तो धावतच पात्रात उतरला.

यंत्र खोटे बोलत नाही, पण ते आपल्या वेळेत बोलते. ती वेळ कोणती, हे विचारावे लागते. एवढे मला आधीही माहीत होते. या प्रकरणाने दुसरे शिकवले. त्यानंतर कुणी हरवल्याची खबर घेऊन आले की वर्णन आणि कपडे लिहून घेण्याआधी मी विचारायचो, "त्यांचे स्वतःचे असे घरात काय होते? ते अजून आहे का?" बहुतेकांना उत्तर सापडायला वेळ लागायचा. त्या वेळातच बरेचसे कळून यायचे.

पुढे एकदा त्या गावात गेलो तेव्हा गुरुजींकडे डोकावलो. कॉम्प्युटर सुरू केला की पुन्हा दोन नावे विचारत होता. "आता पाळीवरून भांडत्यात," काकू चहा देताना म्हणाल्या. भिंतीवर नव्या नकाशाची मोठी छापील प्रत होती. विहिरी, झाडे, जुने पात्र, सगळे आपापल्या जागी. घाटाच्या पायरीवर मात्र पेनाने हाताने लिहिले होते, "इथे चपला सापडल्या."

अक्षर मुलाचे होते.