तीन ठिपक्यांचा फोर्क

"पहिले पाय दखाडा."

गियर अडकतो म्हणून कुणी गाडी घेऊन आलं की मिस्तरी गाडीकडे बघतच नसत. गाडीवाल्याच्या पायाकडे बघत. उकिडवे बसून चपलेचा तळ निरखत, मग दोनदा गियर टाकायला लावत आणि मान तिरपी करून ऐकत. "गाडीले काय बी व्हयेल नई शे. पाय बिघडेल शे," असा निकाल निम्म्या लोकांना मिळे. तापीकाठचा एक केळीवाला जाड तळाचे नवे बूट घालून आला होता. त्याला त्यांनी अनवाणी फेरी मारून यायला सांगितलं. गियर सुरळीत पडले. "आते बूट दुरुस्तीले टाका," मिस्तरी म्हणाले.

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आजोबांच्या मोटारसायकलचं पोट उघडं का आहे आणि आजी ती नीट का करून घेत नाही. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. बाबा वाचून दाखवेल. त्यालाही यातलं सगळं माहीत नाही.

मिस्तरींची पत्र्याची टपरी शहाद्यात आमच्याच रस्त्याला होती, जो पुढे घाट चढून धडगावला जातो. आजोबांची नोकरी धडगावला होती तेव्हापासून त्यांची ही गाडी मिस्तरींच्या हातात. जुन्या पद्धतीची गाडी, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. तुमचा बाबा एकदा सुट्टीवर आला असताना ब्रेक समजून गियरवर उभा राहिला आणि शेजारच्यांच्या मेंदीच्या कुंपणात शिरला. मिस्तरींनी त्याला बाहेर ओढलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय हो भाऊ, परदेशमां पाय उलटा बसाडतस का?"

त्यांच्या दोन सवयी तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

त्यांची हत्यारं लोक मागून नेत आणि परत द्यायला विसरत. म्हणून स्वतःच्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी पंच नावाच्या टोकदार खिळ्याने तीन ठिपके ठोकले होते. पाने, हातोडी, चहाचा स्टीलचा पेलासुद्धा. त्यांची स्वतःची मोटारसायकल आमच्या गाडीच्याच जातीची, तिच्याच वयाची. दोन्ही गाड्या शेजारी उघडल्या तर भागांची अदलाबदल व्हायला नको, म्हणून तिच्या आतल्या भागांवरही ठिपके होते.

आणि दुसरी सवय म्हणजे गाडीतून काढलेला जुना भाग ते कधी फेकत नसत. चिंधीत गुंडाळून मालकाच्या हातात देत. "तुमना माल तुमले." मला हे फार आवडे. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी त्या जुन्या भागांसाठी काचेच्या बरण्या ठेवल्या होत्या. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर भागाचं नाव. मिस्तरी त्या ओळीने लावलेल्या बरण्या बघून म्हणत, "बाई, तुमनं तं गाडीनं लोणचं चांगलं मुरी ऱ्हायनं."

काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात आमच्या गाडीचा दुसरा गियर सुटू लागला. टाकला की पडायचा, पण उतारावर आपोआप निसटायचा आणि गाडी मोकळी धावू लागायची. मिस्तरींनी आजोबांचा पाय पाहिला. पाय ठीक होता. क्लचची केबल पाहिली, पायाचा दांडा हलवून पाहिला. मग गियरबॉक्सचं तेल दोन बोटांत घेऊन उन्हात धरलं. त्यात बारीक चमकती कणी होती. त्यांनी बोटं पुसली.

आतला फोर्क झिजला होता. फोर्क म्हणजे गियरची चाकं इकडून तिकडे सरकवणारा पोलादी चिमटा. तो नवा मिळेना. नंदुरबार, धुळे, सुरत, सगळीकडे विचारून झालं. मिस्तरींनी स्पष्ट सांगितलं, "साहेब, हाई गाडी घाटमां नेऊ नका. उतारवर दुसरा सुटना तं ब्रेक पुरणार नई."

पण होळी जवळ आली होती. आजोबांना त्या वर्षी घाटावरच्या काठी गावची होळी बघायची होती, आणि तीही याच गाडीवरून जाऊन. जीपने जा म्हटलं तर तोंड फिरवून बसत. मी सांगून टाकलं होतं की गियर नीट झाल्याचं मिस्तरींच्या तोंडून ऐकल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

होळीच्या दोन दिवस आधी मिस्तरी गाडी घेऊन आले. "बाई, फोर्क बदली दिना. आते बिनधास्त जाऊ द्या." मी बरणी तयारच ठेवली होती. चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती, 'दुसरा गियर, फोर्क'. बरणी पुढे केली.

"जुना फोर्क, मिस्तरी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पान उलटलं.

"तो नई शे, बाई."

"नाही म्हणजे? गेला कुठे?"

"नई शे."

"आमचा माल आम्हाला, हा तुमचाच नियम ना? जुन्या गाड्यांचे भाग हल्ली हौशी लोक शोधत असतात, हे मलाही कळतं, मिस्तरी."

ते उभेच होते. हातातल्या चिंधीने उगाच हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाल्यावरही. पुन्हा एकदा त्यांनी आजोबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय बाई. नियम मन्हाच शे." आणि चहा न घेता गेले.

आजोबा काठीला जाऊन आले. दुसरा गियर लोण्यासारखा पडतो, असं चार दिवस सांगत होते.

मी मात्र गप्प बसले नाही. आमच्या महिला मंडळात सांगितलं, शेजारी सांगितलं. चोर हा शब्द मी वापरला नाही. "जपून राहा, डोळ्यांसमोर काम करून घ्या," एवढंच. तेवढं पुरलं. पूर्वी लोक टपरीवर गाडी टाकून बाजाराला जात. आता ते मिस्तरींसमोर स्टूल टाकून बसू लागले, त्यांच्या हातांवर नजर ठेवून. पुढे पुढे तेही येईनासे झाले.

त्याच दिवसांत मिस्तरींची स्वतःची गाडी बिघडलेली असे. सकाळी घरावरून जाताना ती पहिल्या गियरमध्येच ओरडत ओरडत निघायची, मग एक मोठा हिसका बसायचा आणि एकदम तिसरा पडायचा. मी आजोबांना म्हणाले, "बघा, गावाचे पाय तपासतात आणि स्वतःचा गियर टाकता येत नाही." आजोबा हसले नाहीत. औषधाची गोळी घ्यायची राहिली म्हणून आत गेले.

आजोबा गेल्यावर तेराव्याला मिस्तरी आले. फाटकातच उभे राहिले, आच्छादन घातलेल्या गाडीकडे पाहत. "मधी मधी चालू करत जा, बाई." मी मान हलवली. बसा म्हटलं नाही. मागच्या वर्षी ते छातीत कळ येऊन गेले. मी भेटायला गेले नाही.

गेल्या महिन्यात बाबाच्या सांगण्यावरून सुरतचा एक जुन्या गाड्यांचा जाणकार आला. त्याने गियरबॉक्स उघडला, फोर्क बाहेर काढला, पुसला आणि मला विचारलं, "मांजी, हे तीन ठिपके कसले?"

मी आतून ती चिठ्ठी लावलेली रिकामी बरणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी तो फोर्क त्याच बरणीत घालून मिस्तरींच्या घरी गेले. त्यांची बायको अंगणात शेंगा निवडत होती. तिने बरणी उघडली, फोर्क हातात घेतला आणि अंगठ्याने ठिपके चाचपले.

"हा यांच्या गाडीतला?" मी विचारलं.

"व्हय. यानं चांगलं ते तुमले दिनं, तुमनं झिजेल ते सोतानी गाडीले लायं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"साहेबनी 'नका सांगा' आसं सांगं व्हतं. बाईले समजनं तं फोर्क परत कराले लावतीन, काठीले जाऊ देणार नई म्हने."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"साहेबले बठ्ठं मालूम व्हतं," ती म्हणाली. "हे रोज म्हनेत, साहेब सांगतीन बाईले एक दिवस. साहेब वारनात, देवाघर गयात, तरी म्हनेत, चिठ्ठी लिखी ठेयेल व्हई."

बाळांनो, चिठ्ठी नव्हती. या घरातला प्रत्येक कागद मी लावलेला आहे. मला माहीत आहे.

तुमचे आजोबा वाईट नव्हते, असं मी इतकी वर्षं सांगत आले आणि अजूनही सांगेन. पण त्या दिवशी व्हरांड्यात ते एक वाक्य बोलू शकले असते. आणि मी बरणी खाली ठेवू शकले असते.

मी तिला म्हणाले, "हा ठेवून घ्या. तुमचा माल तुम्हाला."

तिने अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे तेलाचा एक काळा डाग होता, गाडी उभी राहायची तेवढा. मिस्तरींची गाडी दिवाळीआधीच खापर गावच्या भंगारवाल्याने नेली होती, आमच्या झिजलेल्या फोर्कसकट.

फोर्क तिने पदराने पुसला, बरणीत घातला आणि झाकण लावून बरणी माझ्या हातात परत दिली.

"आते हाऊ कथं बसाडू, बाई?"