बेटावरून व्हय म्हाराजा

त्या बेटावर उतरलो तेव्हा बाकीच्यांना गोडं पाणी, अंघोळ आणि न हलणारी जमीन हवी होती. मला हवी होती फोनची रेंज. बाबांनी माझ्याशी अबोला धरला होता, आणि तो सुटल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमची शिडाची बोट छोटी, माणसं पाच, आणि जायचं होतं पार आफ्रिकेपर्यंत. चांगली नोकरी सोडून मी तिच्यावर स्वयंपाकाला आणि पडेल त्या कामाला चढले होते. बाबा एवढंच म्हणाले की हिचं डोकं फिरलंय, आणि गप्प झाले. गंमत बघा, गावचं आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण हा माणूस आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेला नाही!

आता आमच्याकडे अबोला म्हणजे बोलणं बंद असं नसतं. बोलायचं, फक्त आईमार्फत. केरळपर्यंत किनारा धरून गेलो, तोवर फोन लागायचा. आई स्पीकर लावायची आणि मागून बाबा सुरू. तिला विचार, उलट्या थांबल्या का. तिला सांग, जॅकेट काढू नको म्हणावं. मला सगळं ऐकू यायचं, तरी आई शब्दन् शब्द पुन्हा सांगायची. शेवटी तीही वैतागली. मी काय तुमची पोस्टमन आहे का, म्हणाली.

बेटावर कप्तानाने सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितलं. इथून विमान आहे, कुणाला घरी जायचं असेल तर आजच बोला. उद्या सकाळी शीड चढलं की मग कित्येक आठवडे ना फोन, ना मागे फिरणं. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

रेंज यायची फक्त धक्क्याजवळच्या एका दुकानाच्या पायरीवर. दुकानवाल्या बाईला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण माझं तोंड बघून तिने आपणहून स्टूल दिलं आणि शहाळं फोडलं.

फोन लावला आईच्या मोबाईलवर, उचलला बाबांनी. "हॅलो" म्हणाले, आवाज ओळखला आणि चिडीचूप. आई कुठेय विचारलं तर नाहूरच्या आमच्या फ्लॅटच्या भिंतीला सांगावं तसं बोलले की बाईसाहेब कांदिवलीला बहिणीकडे गेल्यात, मोबाईल मुद्दाम इथे ठेवून.

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही बोलणार नसाल तर मी उद्याच्या विमानाने परत येते."

तिकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. वाट लागली, म्हटलं, आता संपलंच. एवढ्यात देवाच्या फळीकडून बाबांचा तो आवाज आला, जो मी फक्त गावी, देवळात ऐकलाय.

"बा देवा म्हाराजा! आज जो नारळ तुझ्या समोर ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

आणि थांबले. देवाला गाऱ्हाणं घालणारा थांबला की सोबतच्यांनी होकार भरायचा असतो, नाहीतर ते पुढे सरकत नाही. घरात तर कुणीच नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई नाही, म्हणून ह्यांनी देवाला मध्ये घातलाय!

"व्हय म्हाराजा!" मी फोन स्पीकरवर टाकून पायरीवरून ओरडले. दुकानवाली दचकली.

"माझा चेडू दर्यात गेलाहा, त्येका वाऱ्यावादळात सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. दुकानवाली काम सोडून जवळ येऊन बसली. कसलीतरी प्रार्थना चाललीय हे तिला कळलं असावं, कारण तिने पदर डोक्यावर घेतला.

"धरलेला काम त्येच्याकडसून पुरा करून घे, अर्ध्या वाटेतून मागे फिरवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे म्हणताना माझा आवाज चिरकला. जा म्हणत होते मला.

मग बाबांचा आवाज एकदम खाली आला. "आणि त्येचो बापूस भियालो, म्हणान गप रवलो. रागान नाय. ह्या त्येका कळू दे रे म्हाराजा."

थांबले. माझी पाळी होती. इतकी माया करणारा आणि इतका हट्टी बाप! मी नुसती तोंडावर हात दाबून बसले. तिकडे नाहूरला बाबा तसेच वाट बघत उभे.

दुकानवालीने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. कुठे थांबल्यावर काय म्हणायचं हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. ती फोनवर वाकली आणि खणखणीत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

पलीकडे भरभर येणारी पावलं, आणि फोन उचलल्याची खरखर.

"कोण गं ती?" बाबांनी विचारलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मलाच विचारलं होतं.