उष्टं पाणी

डेलमार गिलब्रेथला कुणी विचारलं, की बाबा रे, वर्षाचे महिने किती, तर तो तीन सांगायचा. फेब्रुवारी, मार्च आणि ऑक्टोबर. बाकीचे नऊ कॅलेंडर छापणाऱ्यांनी पोटापाण्यासाठी घुसडलेत, असं त्याचं म्हणणं होतं, आणि आमच्या गंटर्सव्हिलच्या तळ्यावर ते सगळ्यांना पाठ होतं. एप्रिल-मे महिन्यांत बास मासा अंडी घालायला काठाशी येतो, तेव्हा तो शेंबड्या पोरालाही मिळतो. ती मासेमारी नव्हे, भिक्षा. जून ते ऑगस्टच्या उन्हाळ्यात मासा खोल जाऊन बसतो, आणि वर शहरातली मंडळी मोटारबोटींमागे दोऱ्या बांधून किंचाळत फिरतात. त्या दिवसांत डेलमार घरी बसून गळाच्या रिळांना तेल घालायचा.

आमिषांच्या बाबतीतही तोच सोवळेपणा. थंडीत तांबडा खुळखुळा, म्हणजे पोटात मणी वाजणारा खोटा मासा. तांबडाच. दुकानात त्याच खुळखुळ्याचे बावीस रंग टांगलेले असत, डेलमार त्यांच्याकडे सासुरवाशिणीच्या सासूसारखा बघायचा आणि तांबडा उचलून घरी यायचा. ऑक्टोबरात, पाण्यावर पाणगवताची जाड गादी पसरली की रबरी बेडूक, तोही काळा. "मासा खालून बघतो. खालून काय दिसतं? सावली. सावलीला रंग असतो का?" हे तो दरवर्षी कुणाला तरी ऐकवायचा. बेडकाचा डावा पाय कात्रीने बोटभर कापायचा, म्हणजे तो ओढताना जरा लंगडत, झोकांड्या खात चालतो. मासा खालून गवत फोडून उसळला की लगेच झटका द्यायचा नाही, मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि मग सगळ्या अंगाने ओढायचं. बोटीत रेडिओ नको, केळं तर नकोच नको, कारण केळं आणलं की मासा लागत नाही हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. उकडलेल्या शेंगा चालतील, पण टरफलं खिशात.

अशा माणसाच्या बोटीत कोण बसणार? बावीस वर्षं एकच माणूस बसला. त्याची बायको, व्हॉन्सिल.

डेलमार मोज्यांच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा, ती तिथेच पाकिटं भरायची. शनिवार आला की दोघं तळ्यावर. तो पुढच्या खुर्चीत, पायाखाली छोटी विजेची मोटर, ती मागे. मासेमारी क्लबाच्या स्पर्धांत त्यांची जोडी ठरलेली. दिवसाअखेर पाच मासे वजनाला न्यायचे, त्यातले चार त्याचे असत, एक तिचा. कधी पाचही त्याचे. "बाईचा हात जरा कच्चा आहे," तो वजनकाट्यापाशी सगळ्यांसमोर म्हणायचा, "पण तिच्याइतकी हौस कुणाला नाही." व्हॉन्सिल हसायची आणि शेंगांची पिशवी पुढे करायची.

दोन वर्षांपूर्वी व्हॉन्सिल गेली. दफन झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत माणसं जेवत होती, आणि तिथे डेलमार भेटेल त्याला सांगत होता, की तळ्यावर ती किती सुखात असायची. त्यांची एकुलती एक मुलगी शेरलिन ताटल्या गोळा करत होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती थांबली आणि म्हणाली, "डॅडी, पुरे करा. मम्मीला मासेमारी कधी आवडलीच नाही."

झालं. त्या एका वाक्याने बापलेकीत जी अढी बसली ती सुटेना. शेरलिन हंट्सव्हिलला राहते, गाडीने तासाभराचा रस्ता. पण फोन फक्त नाताळला, तोही हवापाण्याचा. डेलमार रोज जेवताना एकटाच तिच्याशी भांडायचा. आवडत नव्हतं तर पहाटे चारला उठून सँडविचं कोण करायचं? आवडत नव्हतं तर बावीस वर्षं एकदाही 'मी नाही येत' का म्हणाली नाही? घर रिकामं होतं, गिरणी बंद पडली होती, गुडघे गेले होते. त्याच्यापाशी आता एवढीच एक गोष्ट उरली होती, की आपल्या बोटीत आपली बायको सुखी होती. ती गोष्टही गेली तर मागे काही राहणार नव्हतं. म्हणून तो भांडायचा, आणि दर वेळी जिंकायचा, कारण समोर कोणी नसायचं.

व्हॉन्सिलनंतर त्याने बोटीत कुणालाच घेतलं नाही. जोड्या ठरवायच्या चिठ्ठ्यांत माझं नाव टाकू नका, असं त्याने क्लबाला सांगून ठेवलं होतं. यंदा मात्र ऐन ऑक्टोबरात त्याच्या बोटीचं इंजिन बसलं. गॅरेजवाला म्हणाला, नोव्हेंबर उजाडेल. शेवटच्या स्पर्धेला चार दिवस राहिले होते, गवताची गादी पिवळी पडायला लागली होती, आणि डेलमार पिंजऱ्यातल्या वाघासारखा अंगणात फेऱ्या घालत होता. क्लबाचा चिटणीस बर्ल, त्याचा शाळासोबती, याने फोन केला.

"मागे बसणाऱ्यांत टाकू का तुझं नाव?"

"मी? मागे?"

"का रे, मागच्या खुर्चीला काटे आहेत? तुझी बायको बावीस वर्षं बसली की."

"टाक," डेलमार म्हणाला आणि फोन आपटला.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याची बोट तो पुढे. कुठल्या खाडीत जायचं, कसं जायचं, सगळं तो ठरवणार. चिठ्ठीत ज्याचं नाव त्याच्या जोडीला निघेल त्याने मागे बसायचं आणि मिळेल त्या पाण्यात गळ टाकायचा. बर्लने कॉफीच्या डब्यातून चिठ्ठी काढली ती ड्वेनची. ड्वेन म्हणजे आमच्या भागात टपाल वाटणारा, चाळिशीचा, स्वभावाने गरीब.

"मिस्टर डेलमार, तुम्ही माझ्या बोटीत! आज मला शिकायला मिळणार," तो म्हणाला.

"बोटीत केळं आहे का?"

"नाही सर."

"मग चल."

पावणेसातला, धुकं विरळ झाल्यावर, सगळ्या बोटी सुटल्या. ड्वेनने बरोबर ओळखून गवताची लांबच लांब कड गाठली. डेलमारला मनातून बरं वाटलं, त्याने स्वतः हीच जागा धरली असती. ड्वेन पुढे उभा राहिला, मोटरवर पाय ठेवला, आणि बोटीचं नाक गवताला धरून कडेकडेने निघाला. त्याचा बेडूक कडेच्या प्रत्येक फटीवरून, प्रत्येक भोकावरून चालत गेला. बोट पुढे सरकली की तीच फट, तेच भोक मागच्या खुर्चीसमोर यायचं. डेलमार तिथे आपला काळा बेडूक टाकायचा. तिथला मासा एकतर ड्वेनने काढलेला असायचा नाहीतर बिथरून पळालेला.

पहिल्या तासात डेलमारला वाटलं, आज आपला दिवस नाही. दुसऱ्या तासात त्याला राग आला. काय हा माणूस, स्वतः सगळं ताट चाटूनपुसून खातो आणि उष्टं मागे सरकवतो! तोंडावर म्हणणारच होता तो, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की ड्वेन काहीच वेगळं करत नाहीये. बोट अशीच चालवतात. डेलमार स्वतः अशीच चालवायचा. त्याचं नाव ऐकून, त्याला बघूनच निम्मा क्लब हे शिकला होता.

त्याने तोंड मिटलं आणि हातातली गळाची काठी खाली ठेवली.

समोर ड्वेनची पाठ होती. निळा शर्ट, मधोमध घामाचा डाग, मानेवर वाढलेले केस. सकाळपासून डेलमार जवळजवळ तेवढंच बघत होता. मघाशी गवताच्या कडेला एक पाणमांजर पोटावर शिंपला ठेवून फोडताना दिसलं होतं. डेलमारने "ते बघ" म्हणून हातही वर केला होता. पण पुढचा माणूस पाण्यात गढलेला, तो कशाला वळतोय? डेलमारने हात खाली घेतला होता. बावीस वर्षं. दर शनिवारी आठ-नऊ तास. व्हॉन्सिल काय बघत होती? किती वेळा तिने असा हात वर केला असेल?

'बाईचा हात जरा कच्चा आहे.' आपलंच वाक्य त्याला ऐकू आलं, काट्यापाशी, सगळ्यांसमोर, हसत हसत म्हटलेलं.

अकराच्या सुमाराला ड्वेन घाम पुसायला थांबला. डेलमार नुसताच बसलेला बघून तो चपापला.

"अरे देवा! मिस्टर डेलमार, चुकलंच माझं. मी आपला ओढतच सुटलो, तुम्हाला ताजं पाणी दिलंच नाही."

"असू दे."

"नाही सर, असं कसं?" त्याने पायाने मोटर जराशी फिरवली. बोटीचं नाक गवतापासून दूर गेलं, शेपूट पुढच्या, अजून न शिवलेल्या गवताजवळ आलं, आणि बोट कडेला समांतर, आडवी उभी राहिली. "झालं. पुढच्या खुर्चीसमोरचं माझं, मागच्या खुर्चीसमोरचं तुमचं. अर्धं अर्धं."

एवढंच. पाय बोटभर हलवायचा. ना वेळ गेला, ना काही तोटा झाला. डेलमार त्या आडव्या बोटीकडे बघत राहिला. ज्या पाण्याला सकाळपासून कुणी हात लावला नव्हता ते त्याच्या समोर पसरलं होतं.

"टाका ना सर. काय झालं?"

डेलमारने बेडूक टाकला. तो दोन झोकांड्या खाऊन एका भोकावर आला आणि खालून गवत फुटलं. एक, दोन म्हणायचंही त्याला सुचलं नाही, हात आपोआप ओढले गेले. मासा सहा पौंडांच्या वरचा होता. ड्वेन जाळी घेऊन धावला, त्याला टोपी पडल्याचंही भान नव्हतं. "बघा! काय हात आहे तुमचा, मिस्टर डेलमार!"

"हात नाही रे, पाणी," डेलमार म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ड्वेन भला माणूस, तो उगीच दुसरीकडे बघत जाळी धुवत बसला.

काट्यापाशी तो दिवसाचा सगळ्यात मोठा मासा ठरला. बर्लने पाठीवर थाप मारली. "काय लेका, मागच्या खुर्चीतून सहा पौंड! म्हणजे व्हॉन्सिलला जे जमलं नाही ते तुला जमलं म्हणायचं." मंडळी हसली. एरवी डेलमारच सगळ्यांत मोठ्याने हसला असता.

"तिला मी जमू दिलं नाही," तो म्हणाला. "कच्चा हात तिचा नव्हता." पण तोवर पुढचा मासा काट्यावर चढला होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं. तो गर्दीतून निघून आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. बराच वेळ बसल्यावर त्याने फोन लावला.

"डॅडी?" शेरलिन घाबरलीच. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. मी आज मागे बसलो होतो."

"कशाच्या मागे?"

"बोटीत. इंजिन बंद पडलं माझं." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "शेरलिन, तू म्हणाली होतीस ते खरं होतं. तिला आवडेलच कसं? बावीस वर्षं मी तिला माझं उष्टं पाणी दिलं. आणि वर चारचौघांत सांगत सुटलो, की तिला येत नाही."

मग शेरलिन म्हणाली, "मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं."

"ते सोड. ती काय म्हणायची ते सांग. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस."

"तक्रार कधी केली नाही तिने. एकदा मीच चिडून विचारलं, की दिवसभर मागे बसून तू करतेस तरी काय? तर म्हणाली, देवाला विनवते, तुझ्या डॅडींना मासा लागू दे." शेरलिनने नाक पुसल्याचा आवाज आला. "मी म्हटलं, त्यांना लागून तुला काय मिळतं? तर म्हणाली, मासा लागला की जाळी मागायला ते माझ्याकडे वळतात. दिवसभरात तेवढेच वळतात."

डेलमारने फोन तसाच कानाला धरून ठेवला. काचेबाहेर माणसं बोटी ओढून काढत होती, एकमेकांना हाका मारत होती.

"डॅडी? ऐकताय ना?"

"शेरलिन," तो म्हणाला, "त्या बावीस वर्षांत कितीतरी शनिवारी मला दिवसभर एकही मासा लागला नाही गं."